‘इकडील सर्व क्षेम’ : कौटुंबिक पत्राचा घाट

मराठीत पत्राचा विचार झाला तो बहुधा दुसऱ्या कशाच्या तरी निमित्ताने. इतिहाससंशोधकांनी पत्र वाचले ते तारीख, मुक्काम आणि घटना यांच्यासाठी. चरित्रकारांनी वाचले ते थोर व्यक्तीच्या मनाचा ठाव घेण्यासाठी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून जुन्या मराठी गद्याचा फार मोठा साठा पत्रांच्या रूपाने अभ्यासकांसमोर आहे. त्या साठ्यात स्वारी-शिकारीच्या, देण्या-घेण्याच्या मजकुराशेजारीच घरचे वर्तमानही असते. कोण आजारी, कोणाची मुंज ठरली, कोणाची सून माहेरी गेली, हे सारे तेथे आहे. परंतु हा भाग सामान्यतः ओलांडून पुढे जाण्याचा मानला गेला. वाङ्मयेतिहासात पत्राला जागा मिळते ती लिहिणारा आधीच लेखक असेल तर, किंवा निदान इतिहासात त्याचे नाव असेल तर. ज्यांचे नाव कोठेच नाही अशा माणसांनी आपल्या चुलत्यांना, आत्यांना, मावश्यांना आणि मेहुण्यांना लिहिलेली खुशालीची पत्रे हा मराठी गद्याचा बहुधा सर्वांत विपुल आणि सर्वांत दुर्लक्षित भाग असावा.

दुर्लक्षाचे कारण उघड आहे. या पत्रांत काही नवे नसते, असा समज आहे. सर्वांचा आरंभ सारखा, सर्वांचा शेवट सारखा, मधला मजकूरही बव्हंशी तोच. जिथे आविष्काराला वाव नाही तिथे वाङ्मय कसले, असा हा युक्तिवाद. तो वरवर बिनतोड वाटतो. पण ज्या भाषेत अभंग आणि ओवी यांसारख्या बंदिस्त घाटांनी शतकानुशतके माणसांचे अत्यंत खाजगी बोल वाहून नेले, त्या भाषेच्या समीक्षेला तो शोभत नाही. ठरीव घाट हा आविष्काराचा शत्रू असतोच असे नाही. कित्येकदा बोलण्याची मुभा नसलेल्या माणसाला बोलते करणारी तीच एक सोय असते.

खुशालीच्या पत्राचा घाट नीट पाहिला तर तो किती गुंतागुंतीचा आहे हे लक्षात येते. माथ्यावर ‘श्री’, उजव्या हाताला मुक्काम आणि तारीख, मग मायना. जन्मदात्यांसाठी ‘तीर्थरूप’, चुलते-मामांसारख्या वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांसाठी ‘चिरंजीव’, वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, लहानांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. ‘तीर्थरूप’ आणि ‘तीर्थस्वरूप’ यांतला फरक केवळ दोन अक्षरांचा आहे. पण जन्मदाता आणि जन्मदात्यासारखा यांतले अंतर त्या दोन अक्षरांत मोजून ठेवलेले आहे. पोरक्या पुतण्याने चुलत्याला ‘तीर्थरूप’ लिहिले तर एक अख्खे नाते त्या वगळलेल्या अक्षरांतून बोलते, आणि वाचणाऱ्या घराला ते कळते. मायन्यातली सर्वांत भारी अक्षरे मात्र स्त्रियांच्या नावाआधी येतात. कालपर्यंत ‘सौ.’ असलेल्या नावामागे आज ‘गं. भा.’ आले की पत्राचा पहिला परिच्छेद सुरू होण्यापूर्वीच सर्वांत मोठी बातमी सांगून झालेली असते. शोकाचे एक वाक्यही न लिहिता शोक कळविणारी ही रीत होती. तीत क्रौर्यही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुरुषाच्या नावामागचे ‘रा. रा.’ पत्नी गेल्यावर बदलत नसे; स्त्रीचे मात्र एका दिवसात बदलत असे, आणि पुढे प्रत्येक पत्रात, प्रत्येक लग्नपत्रिकेत, ते तिला पुन्हा पुन्हा सांगितले जाई.

पत्राचा कागदही बोलत असे. मंगल कार्याच्या पत्राला कुंकवाचे बोट लावलेले. मृत्यूच्या पत्राचा कोपरा फाडलेला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही पोस्टमनच्या हातातले कार्ड लांबून वाचता येई. ब्रिटिश अमदानीत १८७९ मध्ये पोस्टकार्ड पाव आण्याला मिळू लागले, आणि खुशाली कळविणे ही सरकारी हरकाऱ्यांची किंवा सावकारांची मिरासदारी उरली नाही. पण त्याबरोबर पत्र उघडेही झाले. १९५० मध्ये अंतर्देशीय पत्र निघाल्यावर त्याची घडी चिकटविता येऊ लागली खरी. तरी घरात पोचल्यावर ते मोठ्याने वाचले जायचेच. या एका गोष्टीचा समीक्षेने गंभीरपणे विचार करायला हवा. कौटुंबिक पत्राचा वाचक एकवचनी नसतो. मायन्यात नाव एकाचे, पण ऐकणारे सात-आठ. त्यांत सासूही असते आणि नणंदही, ज्यांचे उसने द्यायचे आहेत तो चुलताही असतो. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणून खुशालीच्या पत्रातले प्रत्येक वाक्य निदान दोन कानांसाठी लिहिलेले असते.

या दृष्टीने प्रसिद्ध पत्रसंग्रहांकडे पाहिले तर त्यांचा वेगळेपणा दिसतो. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांचा ‘कुसुमानिल’ (१९७२) हा संग्रह दोन माणसांनी उभारलेला आहे. कुटुंब तेथे आहे ते अडसर म्हणून, भिंतीपलीकडले आवाज म्हणून. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ काका-पुतणीच्या नात्यातून निघतात, परंतु त्यांतला काका लवकरच महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांशी बोलू लागतो आणि घरचे वर्तमान हे केवळ निमित्त उरते. याउलट लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत मुलांचे शिक्षण, प्रकृती, घरची व्यवस्था, हवी असलेली पुस्तके हे सारे एका ओळीत नांदते. १९१२ मध्ये सत्यभामाबाई वारल्याची बातमी त्यांना मंडालेत तारेने कळली. ज्या भाच्यावर घर सोपविले होते त्याच्याशी पत्रातून घर चालविणारा हा माणूस ‘गीतारहस्या’च्या कर्त्याहून वेगळा नाही, पण गद्य वेगळे आहे, त्याला संकोचाची शिस्त आहे, आणि ती केवळ तुरुंगाच्या तपासनिसाने घालून दिलेली नाही.

घाटाच्या आत राहून घाट मोडण्याचे मराठीतले सर्वांत लक्षणीय उदाहरण सावित्रीबाई फुले यांच्या पत्रात सापडते. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारपणामुळे नायगावी माहेरी होत्या, तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. पत्राचा आरंभ अगदी रिवाजाप्रमाणे प्रकृतीच्या वर्तमानाने होतो: दुखणे मागे पडले, भावाने सेवा केली, बरे वाटताच पुण्यास निघणार, तोवर तिकडे फातिमाला कामाचा ताण पडत असेल. येथपर्यंत हे कोणत्याही सुनेने माहेराहून लिहिलेले पत्र आहे. मग ज्या भावाने सेवा केली तोच भाऊ बहीण-मेहुण्यांच्या कामाबद्दल काय बोलला आणि त्याला काय उत्तर दिले, ते येते. महार-मांगांना शिकविण्याचा वाद येथे सभेत घडत नाही, वर्तमानपत्रात घडत नाही. तो माहेरच्या ओसरीवर, आईच्या देखत घडतो, आणि घरच्या बातमीच्या सुरातच कळविला जातो. मायन्यात ‘तीर्थरूप’ किंवा तत्सम रूढ विशेषणाच्या जागी जोतीरावांसाठी ‘सत्यरूप’ हा शब्द येतो. एका शब्दाच्या बदलाने सबंध मायना फिरविण्याचे हे कौशल्य योगायोगाचे मानता येत नाही. १९८८ मध्ये मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयातून ही पत्रे अभ्यासकांच्या हाती आली. त्यांची चर्चा सामाजिक दस्तऐवज म्हणून भरपूर झाली, गद्य म्हणून अत्यल्प. भावाची शुश्रूषा आधी आणि भावाचा दोष नंतर, हा क्रम पाहावा. ज्याने आपल्याला सांभाळले त्याच्याशीच भांडावे लागते, याचे दुःख त्या क्रमात आहे. ते वेगळ्या वाक्यात लिहिण्याची गरज पडलेली नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. अमेरिकेतल्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० मध्ये सुरू झाला तेव्हा दोघींनी एकमेकींना पाहिलेही नव्हते. सण, स्वयंपाक, कपडे, प्रकृती, चालीरीती अशी घरची माहिती लिहिता लिहिता आनंदीबाईंनी त्यांना मावशी केले. नाते आधी आणि पत्र नंतर हा नेहमीचा क्रम. येथे पत्र आधी आले. घरचे वर्तमान ज्याला कळवायचे तो घरचा, अशी ही व्याख्या आहे, आणि विस्तारित कुटुंब म्हणजे काय या प्रश्नाला कुळाचारापेक्षा ती अधिक चांगले उत्तर देते.

मराठी मुलखाच्या मध्यभागी राहणाऱ्या घरांना या व्याख्येची निकड भासत नाही. तेथे पत्राविनाही नाते टिकते. लग्नकार्यात, जत्रेत, एस. टी. च्या थांब्यावर गाठ पडतेच. निकड असते ती कडेला. म्हणून कौटुंबिक पत्राचा अभ्यास पुण्या-मुंबईहून सुरू न करता कोहक्यासारख्या ठिकाणाहून सुरू केला तर अधिक फलदायी ठरेल. कोहका हे एके काळचे गाव आज भिलाई महानगरपालिकेच्या हद्दीत, सुपेल्याच्या शेजारी आहे. भिलाई म्हटले की पोलाद आठवते. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत नागपूर, भंडारा, वर्धा या बाजूची मराठी कुटुंबेही होती. परंतु छत्तीसगढात मराठी भाषा पोलादाबरोबर आली, असे समजणे चूक ठरेल. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून कारभार पाहत होते. त्या काळापासून मराठी घराणी या भागात आहेत. पुढे वकील, शिक्षक, कारकून आणि रेल्वेचे लोक आले. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत, आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, ही येथल्या मराठी माणसाची रीत तेव्हापासूनची.

एक राजकीय घटना मात्र या घरांच्या पत्रांवर थेट उमटली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि नागपूर ही राजधानी होती. दुर्गहून नागपूरला लिहिलेले पत्र म्हणजे जिल्ह्याहून राजधानीला लिहिलेले पत्र. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशातच राहिले आणि राजधानी भोपाळला हलली. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, २००० मध्ये छत्तीसगढ झाले. सुमारे २६५ किलोमीटरचा तोच लोहमार्ग, तेच दोन पत्ते; पण पत्त्याची शेवटची ओळ बदलत राहिली. १९७२ मध्ये पिनकोड आला तेव्हा टपाल खात्याने महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश यांना एकच आरंभीचा अंक दिला, चार. छत्तीसगढ झाल्यावरही तो तसाच राहिला. राज्यपुनर्रचनेने तोडलेले सोयरेपण टपाल खात्याने नकळत जपले, असे गमतीने म्हणता येईल.

कोहक्याहून चाळीसेक किलोमीटरवर, याच लोहमार्गावर, राजनांदगाव आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही वाङ्मयांत या गावाला जागा आहे, आणि दोन्ही वेळा ती कुटुंबाच्या फाटाफुटीशी जोडलेली आहे. नारायण वामन टिळक काही काळ तेथे नोकरीला होते. राजनांदगावला जातानाच आगगाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला आणि त्याने त्यांच्या हाती बायबल ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाला होत्या. ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) हा ग्रंथ पत्रसंग्रह नव्हे. तरीही त्याचे गद्य कोठून येते असा प्रश्न विचारला तर उत्तर घरच्या वर्तमानाकडे बोट दाखविते. लक्ष्मीबाईंचे वाक्य नेहमी कोणाला तरी सांगितलेले असते. राजनांदगावचे बिऱ्हाड, तिथली हवा, शेजारपाजार, नवऱ्याचे लहरी वागणे हे सारे बहिणीला सांगावे तशा सुरात येते, आणि ज्या घटनेने घर, जात, माहेर सगळे दुभंगले तीही त्याच सुरात येते. स्वर चढत नाही. समीक्षकांनी याला विनोदबुद्धी म्हटले, साधेपणा म्हटले, निर्मळपणा म्हटले. ते सारे खरे. पण त्यामागे एक जुनी शिस्तही आहे. सर्वांसमोर वाचले जाणार असे धरून बोलायचे, आणि तरीही खरे बोलायचे. ही शिस्त खुशालीच्या पत्राची आहे. धर्मांतरावरचा वाद तिने घातला असता तर तो ऐकायला कोणी थांबले नसते. तिने बिऱ्हाडाची हकीकत सांगितली, म्हणून सगळे ऐकत बसले.

मोठ्या आघाताने लहान गोष्टींची भाषा उसनी घ्यावी, याला मराठीत जुना दाखला आहे. १७६१ मध्ये पानिपतची वार्ता दक्षिणेकडे निघाली ती सावकारी चिठ्ठीच्या भाषेत. त्या चिठ्ठीत मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याचा तर हिशेबच लागेना. सांकेतिक भाषा वापरण्याची गरज राजकीय होती. पण दुःख पेलायला हिशेबाची वही उपयोगी पडली, हेही तितकेच खरे.

राजनांदगावचे दुसरे घर मुक्तिबोधांचे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये तेथील दिग्विजय महाविद्यालयात आले आणि १९६४ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र नागपूरला. एकाने हिंदी कवितेला नवे वळण लावले. दुसऱ्याने ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) हे मराठी कवितासंग्रह, ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा समीक्षाग्रंथ लिहिला. या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषा वाटून घ्याव्यात, हे उदाहरण भारतीय वाङ्मयात विरळ आहे. थोरल्या मुक्तिबोधांची नेमिचंद्र जैन यांच्याशी झालेली पत्रे ‘पाया पत्र तुम्हारा’ (१९८४) या नावाने प्रसिद्ध आहेत, आणि त्यांत नोकरीची वणवण, पैशाची ओढाताण, आजारपणे ही घरगुती बाजू पानोपानी येते. मित्राला हिंदीत लिहिलेल्या या पत्रांत घराचे ओझे जितके उघड आहे, तितके ते वडीलधाऱ्यांना मराठीत लिहिलेल्या कोणत्याही पत्रात मावले नसते. मराठी मायना लिहिणाऱ्याला ‘इकडील सर्व क्षेम’ असे आधी लिहायला लावतो. ‘प्रिय’ म्हणून ज्याला हाक मारायची तो मित्र त्या सक्तीतून सोडवितो. भाषेची निवड ही येथे वाङ्मयीन भूमिकेइतकीच नात्यांतल्या मोकळेपणाचीही निवड होती काय, हा प्रश्न दोघा बंधूंच्या अभ्यासकांनी अजून पुरेसा विचारलेला नाही.

कोहक्यासारख्या वस्तीतून नागपूर-भंडाऱ्याकडे जाणाऱ्या सामान्य पत्राची भाषा या पार्श्वभूमीवर पाहावी. मायना पेशवाईतला, संस्कृतप्रचुर, मजकूर नागपुरी. ‘कृतानेक साष्टांग’ लिहून झाले की लगेच ‘बाबा आता चालून-फिरून राहिले’, ‘पोरगी बारावीत शिकून राहिली’. प्रमाणभाषेचा पुरस्कर्ता येथे नाक मुरडील. पण या दोन थरांच्या मधोमधच त्या पत्राचा जिवंतपणा आहे: वरचा थर आजोबांकडून आलेला, खालचा रोजच्या तोंडचा. तिसरा थर हळूहळू वर येतो. डब्याला ‘टिफिन’, पाळीला ‘शिफ्ट’, घराला ‘क्वार्टर’ हे शब्द सगळ्याच कारखानी गावांत येतात, त्यांत विशेष नाही. विशेष आहे ते लिपीचे. बडोद्याच्या मराठी घरातल्या मुलाला गुजराती लिपी आणि तंजावरच्या मुलाला तमिळ लिपी शिकावी लागते. लिपी बदलली की भाषा बदलल्याचे डोळ्यांना दिसते. भिलाईत तसे नाही. नागरी दोन्हीकडे सारखी, म्हणून पत्र मराठीत सुरू होऊन हिंदीत संपले तरी कागदावर शिवण दिसत नाही. हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाच्या हातून पहिला जातो तो ‘ळ’. ‘कळावे’ या निरोपाच्या शब्दातच तो आहे, आणि तो तेथे ‘ल’ होतो. त्यापुढचा ‘लोभ असावा’ तर त्याला बुचकळ्यात टाकतो. मराठीत ज्याचा अर्थ माया, त्याचा त्याच्या शाळेतल्या भाषेत अर्थ हाव. आजीने प्रत्येक पत्राच्या शेवटी हाव मागावी, हे त्याला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. भाषा हातची जाते ती शब्दकोशातून नव्हे. ती अशी, ओळखीच्या शब्दाखालचा अर्थ सरकून जाते.

या पत्रांतला सर्वांत बोलका भाग शेवटचा: ‘ता. क.’ मायना परंपरेचा, मजकूर घराचा, सही कर्त्या पुरुषाची. ताजा कलम बहुधा स्त्रीचा. उरलेल्या दोन बोटांच्या जागेत, कडेने आडवे, कधी पत्त्याच्या बाजूला चढून. पापड पाठविले ते मिळाले काय. अमकीला आता कसे आहे. दिवाळीला जमेल असे वाटत नाही. मुख्य मजकुरात ‘सर्व ठीक’ असते, आणि दिवाळीला न जमण्याचे कारण कोठेच नसते. माहेरी ते बरोबर वाचले जाते. जात्यावरच्या ओव्यांत जी बाई कासाराबरोबर, वाटसराबरोबर, पाखराबरोबर सांगावा धाडते तीच ही बाई आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, तेव्हा त्यांच्या वाङ्मयीनतेबद्दल शंका घेण्याची सोय उरली नाही. ताजा कलम अजून कोणी गोळा केलेला नाही. ओवी गाणारीच्या ओठी राहते, दुसऱ्या बाईच्या तोंडी जाते. पत्र मात्र एकच असते, आणि ते तारेच्या आकड्याला ओवलेल्या गठ्ठ्यात पिवळे पडत असते. कारखान्याचे क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावे लागे. सामान बांधताना भांडी मोजून घेतली जात, कपडे घेतले जात. आकड्यावरचा गठ्ठा रद्दीत जाई. ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हस्तलिखिते जपली, बखरी जपल्या. मराठी मुलखाच्या कडेवरच्या घरांची ही पत्रे जपण्याची कल्पना कोणत्याही अभ्यासक्रमाने विद्यार्थ्यांपुढे ठेवलेली दिसत नाही. निवडक पन्नास घरांतले पन्नास गठ्ठे जरी वेळेवर हाती आले असते, तरी १९५६ नंतरच्या बृहन्महाराष्ट्रीय मराठीचा जो इतिहास आज अंदाजाने लिहावा लागतो, तो दिनांकवार लिहिता आला असता. जे गठ्ठे अजून कोहक्यात, राजनांदगावात किंवा त्यांच्या दुसऱ्या टोकाला नागपूर-भंडाऱ्यात कोणाच्या माळ्यावर असतील, त्यांच्यासाठी फार वेळ उरलेला नाही. ‘कळावे’ मधला ‘ळ’ वाचणारी पिढी थकत चालली आहे.

दूरध्वनीने हा घाट मोडला, अशी सर्वसाधारण तक्रार असते. ती अर्धीच खरी आहे. एसटीडीच्या टपरीत रात्री उशिरा, दर उतरल्यावर, रांगेत उभे राहून केलेले बोलणेही मायन्यानेच सुरू होई: आधी मोठ्यांची नावे, मग प्रकृती, मग मुलांचे, आणि समोरचा आकडा वाढत असताना खरी गोष्ट शेवटी. आता भ्रमणध्वनीवरील कुटुंबाच्या गटात छायाचित्र आधी येते आणि मजकूर बहुधा येतच नाही. एका गोष्टीचे मात्र स्वागत केले पाहिजे. त्या गटात कोणत्याही बाईच्या नावामागे ‘गं. भा.’ लागत नाही. काकू ही काकूच राहते. तिच्या नवऱ्याच्या निधनाची बातमी तिच्या नावातून कळण्याची सोय संपली, आता ती बातमी कोणाला तरी वाक्यात लिहावी लागते. आणि ते वाक्य हिंदीत लिहावे की मराठीत, ते लिहिणारा तेवढा एक क्षण थांबून ठरवितो.